न मागता आलेलं बिल

१० मार्च, रविवार. संध्याकाळ

आज रुतिलिओनं त्याच्या खानावळीत माझ्या टेबलावर बिल आणून ठेवलं. मी मागितलेलं नसताना.

पुन्हा, नीट अक्षरात लिहितो. मी मागितलेलं नसताना.

आमच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक दुपारभर बसलं, डुलक्या घेतल्या, घोरलं, तरी ते तोंडानं मागेपर्यंत कुणी बिल आणत नाही. न मागता बिल ठेवणं म्हणजे मानगूट धरून बाहेर काढणं. हे कुणी परक्यालाही करत नाही. आणि मी तर त्याचा कॉम्पाद्रे, त्याच्या लेकीचा धर्मपिता. त्याच्या नेरेइदाला बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या हातांनी धरलं, त्याच हातांनी हे लिहितोय. सख्ख्या भावाशी भांडलेले लोक आमच्या बोका दे तुले गावात घरटी एक सापडतील. कॉम्पाद्रेशी भांडलेला माणूस गावात कुणी पाहिलेला नाही. ती वेळ रुतिलिओनं माझ्यावर आणली.

घटना जशी घडली तशी. मी माझ्या टेबलावर होतो. समुद्राकडचं, झावळ्यांच्या सावलीतलं. खुर्च्या सहा आहेत, पण मला पाय पसरून बसायला लागतं. एक बिअर घेतली होती, ती दुपारपासून जपून पीत होतो. शेजारी तेपिक शहरातून आलेलं एक कुटुंब बसलं होतं, म्हाताऱ्या आईला घेऊन. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, पण माणूस मेन्यूकडे बघतो तेव्हा तो मनातून विचारतच असतो. मी सांगितलं की आजचा ऑक्टोपस म्हणजे चपलेचा तळ आहे. उभी हयात बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर होतो, मासा किती दिवस बर्फात होता ते मला दुरून कळतं. त्यांनी आभार मानले आणि उठून गेले. काहीतरी काम आठवलं असावं. मग मी खारफुटीच्या लाकडांच्या शेगडीपाशी गेलो आणि रुतिलिओच्या हातातून जाळी घेऊन मासा उलटून दिला, कारण त्याला वेळेचं भान नसतं. परत येऊन बसतो तर ग्लासाखाली बिल.

बिल मी वाचलंही नाही. खिशात होतं तेवढं ठेवलं आणि उठलो. निघताना इतर टेबलांना ‘सावकाश जेवा’ म्हणायची रीत आहे, तीही मोडली. सगळ्यांच्या घशात घास अडकले असणार.

ओब्दुलियाला घरी येऊन सगळं सांगितलं. बायको म्हणून तिनं पदर खोचून उभं राहायला हवं होतं. ती म्हणाली, “आता काय केलंस, म्हाताऱ्या?” मी काय केलं! मग पाव आणायला म्हणून गेली ती तास-दीड तासानं परतली, पाव न घेता. केसांना खारफुटीच्या लाकडांच्या धुराचा वास येत होता. मी विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

ठराव: रुतिलिओच्या खानावळीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. मरेपर्यंत.

११ मार्च, सोमवार. सकाळ

झोप छान लागली. ठराव कायम.

एक धार्मिक मुद्दा लक्षात आला. राखेच्या बुधवारी मी देवाला शब्द दिला होता की ईस्टरपर्यंत बिअर सोडतो. (कालची धरायची नाही. ती गरम झाली होती.) पण आता मी रुतिलिओ सोडला आहे, आणि हा त्याग कितीतरी मोठा आहे. एका उपासकाळात दोन त्यागांची अपेक्षा देवही करणार नाही. तेव्हा बिअर पुन्हा सुरू. पाद्रींना विचारलं नाही. मुद्दा स्वच्छ आहे.

रुतिलिओ फार तर आठवडाभर तग धरेल. रोजचा पहिला मासा मी चाखतो, मग तो मसाल्यात मीठ किती ते ठरवतो. म्हणजे मी सांगतो, तो ऐकत नाही, पण त्यातून त्याला अंदाज येतो.

१३ मार्च, बुधवार

नवी योजना. किनाऱ्याच्या पार टोकाला विधवा चायोची खानावळ आहे. टेबलं चार, त्यातलं एक लंगडं. हात चांगला आहे पण मार्गदर्शन नाही. मी रोज तिथे बसायचं, तिला घडवायचं, आणि उपासाच्या शुक्रवारी जेव्हा सगळा तालुका मांस वर्ज्य म्हणून मासे खायला लोटतो तेव्हा तो चायोकडे वळलेला रुतिलिओला आपल्या डोळ्यांनी पाहू द्यायचा.

आज गेलो. चायो धावत आली, माझे दोन्ही हात धरले, सावलीतली खुर्ची पुसून दिली. मनात म्हटलं, बघ रुतिलिओ, माणसाची किंमत अशी करतात. आग्वाचिले मागवलं. कच्ची कोळंबी, लिंबू, आणि डोळ्यांतून पाणी काढणारी हिरवी मिरची. चायोचं आग्वाचिले खाऊन एक खलाशी देवभोळा झाला असं म्हणतात.

आला उकडलेला मासा. पांढरा. सोबत पांढरा भात. मीठ नाही, मिरची नाही, लिंबाची फोडसुद्धा नाही. मी टेबलावरच्या तिखटाच्या बाटलीला हात घातला तर चायोनं ती माझ्या हातातून काढून एप्रनच्या खिशात टाकली.

मी म्हटलं, आग्वाचिले? ती म्हणाली, आज नाही. शेजारच्या टेबलावर चार जण तेच खात होते आणि नाकं पुसत होते. मी बोट दाखवलं. ती म्हणाली, “ते शेवटचं होतं. खा, मॅनेजर, खा. भात गरम आहे तोवर खा.” आणि खांद्यावर हात ठेवला. वर, मी बिल मागितलं तर पैसे घेईना.

निष्कर्ष: रुतिलिओचे हात इथवर पोचलेत. चायोलाही फितवलं.

१५ मार्च, शुक्रवार

रुतिलिओच्या दारावरून जायचं नाही हा उपठराव केला आहे. त्यामुळे मागच्या गल्लीनं जावं लागतं. तिथे डुकरं आहेत. एक माझ्या मागे लागलं. चप्पल चिखलात राहिली.

याचा हिशेब रुतिलिओच्या नावावर.

१७ मार्च, रविवार

आठवडा झाला. परिस्थिती पाहायला म्हणून गेलो. आत नाही. वाळूवर एक होडी उलटी टाकलेली आहे, तिच्यामागे बसलं की खानावळ दिसते आणि माणूस दिसत नाही.

गर्दी होती. सुरुवातीला अशीच असते. बातमी पसरायला वेळ लागतो.

माझ्या टेबलावर एक अख्खं कुटुंब बसवलं होतं. सहाही खुर्च्या भरलेल्या. टेबलाखाली कापितान झोपला होता. हा किनाऱ्यावरचा कुत्रा. मी त्याला रोज माशाचं डोकं घालत आलो, माझी पावलं तो झोपेतही ओळखतो असं मी लोकांना सांगत आलो. मी होडीमागून हळूच शीळ घातली. त्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मिटला.

कुत्र्याकडूनही दगा.

२१ मार्च, गुरुवार. दुपार

आज हाती पुरावा लागला. ओब्दुलिया दर गुरुवारी ‘भरतकामाला’ जाते. परत आली तेव्हा तिच्या बोटांना मसाल्याचा वास होता. मी हात धरून हुंगला. ती म्हणाली, हो, रुतिलिओकडे जेवून आले. कोमाद्रे एल्विआनं (रुतिलिओची बायको) माझ्यासाठी तांबोशी राखून ठेवली होती. मधोमध उघडून, जाळीत धरून, कडा कुरकुरीत.

मी म्हटलं, नवऱ्याच्या पाठीत खंजीर खुपसून पुन्हा कडा कुरकुरीत म्हणून सांगतेस? ती म्हणाली, “भांडण तुझं आहे. कोमाद्रे माझी आहे. आणि हळू बोल, खिडकी उघडी आहे.”

खिडकी! गावाला कळू दे की. गावाला कळावं म्हणूनच तर मी हे सगळं करतोय. मी तसं म्हणालो. तिनं उठून खिडकी लावून घेतली.

तिनं कागदात गुंडाळून माशाचा एक तुकडा आणला होता. मी त्याला शिवलो नाही. नंतर ती अंगणात गेल्यावर दर्जा तपासण्यापुरता थोडा चाखला. काटासुद्धा उरला नाही, कारण नमुना फारच लहान होता. मीठ बरोबर होतं. हा योगायोग.

२४ मार्च, रविवार

चायोचा नाद सोडला. सलग चार वेळा पांढरा भात. शेवटच्या वेळी तिनं भातात केळं कुस्करून घातलं.

आज बास्तिदास बंधूंकडे गेलो. दोघे भाऊ, दोघेही जाडे, आणि खानावळीत रविवारी बँडवाले. ट्रॉम्बोन सरळ कानात वाजवतात. मासा बरा असतो. मी बसलो, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की एक अख्खा मासा भाजून आणा, तिखट जास्त, आणि बिअर बर्फासारखी.

थोरला बास्तिदास बँडवाल्यांपाशी गेला, काहीतरी पुटपुटला. बँड थांबला. मला वाटलं माझ्या सन्मानार्थ काही वाजवणार. त्यांनी अगदी हलक्या आवाजात, लहान मूल निजवावं तसं काहीतरी वाजवायला घेतलं. मग ताट आलं. कोंबडीचं सूप. समुद्रापासून दहा पावलांवर, खानावळ माशांची, आणि माझ्यापुढे कोंबडी! बिअरच्या जागी पिवळ्या फुलांचा काढा, जो आमच्याकडे तान्ह्या मुलांना आणि बाळंतिणींना देतात.

मी ओरडलो, मी काय बाळंतीण आहे? धाकटा बास्तिदास अदबीनं म्हणाला, “नाही, मॅनेजर. पण गुमान प्या. घरचंच समजा.” आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक माझ्याकडे बघत होते आणि मी बघितलं की नजर खाली घालत होते.

म्हणजे रुतिलिओनं संपूर्ण किनारा विकत घेतलाय. एका माणसाला उपाशी मारायला सगळी बाजारपेठ एकत्र आलीय. याआधी इतिहासात असं झालं असेल तर ते राजेलोकांच्या बाबतीत.

काढा प्यालो. रात्री झोप बरी लागली, पण तो भाग वेगळा.

२७ मार्च, बुधवार

पहिला विजय! औषधाच्या दुकानाबाहेर मेलितोन भेटला. रुतिलिओकडे कित्येक वर्षं काम करणारा वेटर. मला पाहून रस्ता ओलांडून आला, काही न बोलता कडकडून मिठी मारली, आणि सोडली तेव्हा डोळे ओले होते. म्हणाला, “तुमच्याशिवाय खानावळ खानावळ राहिली नाही, मॅनेजर. फार शांत वाटतं.”

शांत! म्हणजे धंदा बसला. मी विचारलं, रुतिलिओ कसा आहे? मेलितोन म्हणाला की झोप नाही त्यांना, त्या बिलावरून स्वतःला दोष देतात. मी फक्त मान वर केली आणि समुद्राकडे पाहिलं. समुद्र दुसऱ्या बाजूला होता, मग तिकडे वळलो.

ठरावात दुरुस्ती: रुतिलिओ स्वतः घरी आला, सगळ्या गल्लीसमोर माफी मागितली, तर विचार करेन. लगेच हो म्हणणार नाही.

२९ मार्च, शुक्रवार

आला नाही.

३ एप्रिल, बुधवार. दुपारी तीन

मोकळा श्वास घेतला! टेकडीवर राजधानीच्या एका माणसानं नवं रेस्टॉरंट काढलं आहे. पांढरे टेबलक्लॉथ, वेटर सगळे बाहेरगावचे. त्यांना ना रुतिलिओ माहीत, ना मी. आग्वाचिले मागवलं आणि आग्वाचिले आलं. किती साधी गोष्ट! ते काळं होतं, मिरच्या जाळून केलेलं, वर फुलाच्या पाकळ्या. पाकळ्या बाजूला सारल्या. तीन प्लेटा खाल्ल्या. पांढऱ्या भातानं झालेली उपासमार भरून काढायची होती. वर कालवं खाल्ली. बिअर घेतली, एकापेक्षा जास्त. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. मी जिवंत आहे असं बऱ्याच दिवसांनी वाटलं.

रुतिलिओचा कट मोडून काढला. आता रोज इथेच. तिथल्या मॅनेजरला भेटून मार्गदर्शनाचं बोलणंही काढलं. ते म्हणाले, विचार करून कळवतो.

तोच दिवस. संध्याकाळी सहा

पोटात.

४ एप्रिल, गुरुवार

पेन धरवत नाही, थोडक्यात लिहितो. काल टेकडी उतरताना पोटात अशी कळ आली की देवळाच्या पायऱ्यांवर वाकून बसलो. नेमकी तेव्हा माळेची प्रार्थना सुटत होती. सगळ्या बायका बाहेर. सगळ्यात पुढे कोमाद्रे एल्विआ, रुतिलिओची बायको. तिनं छातीवर क्रूस काढला आणि पळत गेली, कुठे ते दिसलं नाही, माझं डोकं गुडघ्यांत होतं.

ओब्दुलिया मला घरी घेऊन आली. वाटेत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “छान. आता तर कुणाला शंकाच उरणार नाही.” कसली शंका, विचारलं. म्हणाली, झोप.

राजधानीवाल्यांवर विश्वास ठेवायला नको होता.

१४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज धर्मसंस्थेनं माझी बाजू घेतली.

मिस्सामध्ये, सगळं गाव हातात झावळ्या घेऊन उभं असताना, पाद्री म्हणाले, “आपल्या बंधू फिदेन्सिओसाठी प्रार्थना करूया. तो मुकाट्यानं जे सोसतो आहे ते सोसायचं बळ त्याला मिळो.” माझं नाव. देवळात. मुकाट्यानं हा शब्द विशेष आवडला. सगळ्यांनी ‘ऐक आमची प्रार्थना’ म्हटलं. मीही म्हटलं, जरा मोठ्यानं.

रुतिलिओ पुढच्या बाकावर होता. त्याची मान खाली गेली. खांदे हलत होते. लाजेनं, दुसरं काय! इतक्या वर्षांच्या मैत्रीला बिल देऊन हाकललं, आता देवाच्या दारात उत्तर दे म्हणावं.

खरं सांगायचं तर खांदे हलताना पाहून मला तितका आनंद झाला नाही, जितका होईल असं वाटलं होतं. मागून त्याचे केस फार पांढरे दिसले.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. सगळा तालुका मासे खातो. माझं भाकीत होतं की आज रुतिलिओ कोसळणार, गर्दी हाताबाहेर जाणार, मेलितोन मला बोलवायला धावत येणार. सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसलो.

दुपारपर्यंत कुणी आलं नाही. होडीमागे गेलो.

इतकी व्यवस्थित चाललेली खानावळ मी पाहिली नव्हती. शेगडीवर जाळ्यांची रांग लागली होती आणि रुतिलिओ एकेक उलटत होता, वेळच्या वेळी. कुणी त्याच्या हातातून काही घेत नव्हतं. लोक येत होते, बसत होते, मेन्यू बघून जे हवं ते मागवत होते आणि पोटभर खाऊन उठत होते. तेपिकचं ते कुटुंब पुन्हा आलं होतं, म्हाताऱ्या आईसकट. ऑक्टोपस खात होते. म्हातारी बोटं चाटत होती.

वाईट वाटलं. इथे दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं. ऊन होतं, होडीला डांबराचा वास येत होता, शर्टाला डाग पडला. घरी येऊन ओब्दुलियानं केलेले उकडलेले बटाटे खाल्ले.

२० एप्रिल, शनिवार

विचार केला. मोठेपणा दाखवावा लागणार. एवढा यशस्वी दिवस गेला म्हणजे तो आतून पोखरलेला असणार. उद्या ईस्टर. प्रभू थडग्यातून उठतो तर मी रुतिलिओच्या खानावळीत जाऊ शकतो.

योजना: दारात उभं राहायचं. त्यानं यायचं. माफी मागायची. मी थोडा वेळ गप्प राहायचं. मग मिठी. मग माझ्या टेबलावरच्या लोकांना उठवायचं. मग एक अख्खी तांबोशी आणि आग्वाचिले, मिरची दुप्पट.

ओब्दुलियाला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, तिथे फार बोलू नकोस. मी म्हटलं, बोलायचं त्यानं आहे. ती म्हणाली, “तो बोलेल. तू फक्त हो म्हण. माझ्यासाठी. एकदा.” कोड्यातच बोलते.

२१ एप्रिल, ईस्टर

गेलो.

दारात उभा राहिलो. गर्दी होती. पहिल्यांदा मेलितोननं पाहिलं, मग सगळ्या टेबलांनी माना वळवल्या. रुतिलिओ शेगडी सोडून आला. जाळ्या तशाच आचेवर टाकून आला. मी ठरल्याप्रमाणे गप्प उभा. त्यानं मिठी मारली आणि सोडेचना. मग मला समुद्राकडच्या टेबलापाशी नेलं. ते रिकामंच ठेवलेलं होतं. नेरेइदानं खुर्चीवर उशी आणून ठेवली.

तो म्हणाला, “कॉम्पाद्रे, बिल मीच ठेवलं होतं. रागात. ते तेपिकचे लोक उठून गेले ना, डोक्यात तिडीक गेली.” मी मान वर केली. इथवर सगळं योजनेप्रमाणे.

“मग संध्याकाळी कोमाद्रे ओब्दुलिया आली,” तो म्हणाला. “रडत होती. म्हणाली, पोटात अल्सर आहे, जुना, आणि तुम्ही कुणाला कळू देत नाही. म्हणाली, त्यांच्यासमोर बोलू नका, चारचौघांत विषय काढला की त्यांना खपत नाही. मीच सगळ्या किनाऱ्याला सांगून ठेवलं, कॉम्पाद्रेंना तिखट देऊ नका, बिअर देऊ नका. चायोला, बास्तिदासांना. पाद्रींकडे मीच गेलो होतो.”

मी ओब्दुलियाकडे पाहिलं. ती एल्विआशेजारी उभी होती आणि खाली बघत होती.

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की माझं पोट दगड पचवतं. अल्सर नाही, कधी नव्हता, हा सगळा माझ्या बायकोनं रचलेला बनाव आहे, आणि मी आजारी नव्हतो, मी बहिष्कार टाकला होता! एवढ्या दिवसांचा कडकडीत बहिष्कार, आणि गावात एकालाही पत्ता नाही!

पण तो बोलतच होता. एप्रनला हात पुसत म्हणाला, “तेव्हा मला सगळा उलगडा झाला, कॉम्पाद्रे. नेरेइदाच्या पंधराव्या वाढदिवसाला तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात की हिचा झगा म्हणजे मच्छरदाणी. पोर रात्रभर रडली. माझी आई गेली तेव्हा तिच्या शवपेटीशेजारी उभं राहून तुम्ही म्हणालात, जेवणातले तामाले कोरडे झालेत. मी मनात धरून ठेवलं होतं. इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, देव मला क्षमा करो. माणूस दुखण्यानं तळमळत असतो आणि आपण त्याचे शब्द मोजत बसतो. ते तुम्ही नव्हताच. ते दुखणं बोलत होतं.”

नेरेइदा जवळच उभी होती. हसत होती. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “मी केव्हाच विसरले, पाद्रीनो.” धर्मपित्याला असंच म्हणतात.

 माझं पोट ठणठणीत आहे, असं म्हटलं असतं, तर मग ते सगळं मीच बोललो होतो.

रुतिलिओ म्हणाला, “फार दुखायचं का हो?”

मी म्हटलं, हो. फार दुखायचं.

मग त्यानं स्वतः केलेलं सूप आणलं. माशाचं, पाण्यासारखं, बिनमिठाचं. काटे एकेक करून काढलेले होते. ईस्टरची गर्दी दाराबाहेर ताटकळत होती, मेलितोन शेगडीवर धावपळ करत होता, एक मासा जळल्याचा वास आला, आणि रुतिलिओ मात्र माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला, मी पूर्ण वाटी संपवेपर्यंत. इतक्या वर्षांत तो माझ्यासोबत कधी बसला नव्हता. मी शेगडीपाशी जायचो, तो मला टाळून पुढे जायचा. त्याला बसायला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. तो म्हणाला, रोज या, मी वेगळं करून ठेवत जाईन. मी बरं म्हटलं. शेजारच्या टेबलावर कोळंबी आली, मिरचीचा वास नाकात गेला, आणि मी सूप प्यायलो.

परत येताना समोरच्या रस्त्यानं आलो. ओब्दुलिया शेजारून चालत होती. घरी पोचेपर्यंत मी मनात मोठं भाषण तयार केलं होतं. विश्वासघात या शब्दानं सुरुवात होती. पण दार लावल्यावर एवढंच विचारलं, की त्या रविवारी पावाला म्हणून गेलीस तेव्हा वाटेत सुचलं का हे अल्सरचं?

ती म्हणाली, “वाटेत कशाला सुचेल? ते तर मी कधीपासून सांगतेय. रुतिलिओला तेवढं सांगितलं नव्हतं. तो कॉम्पाद्रे आहे, म्हटलं सांभाळून घेईल. शेजाऱ्यांना सांगते. माझ्या बहिणींना सांगते. ‘पोट दुखतंय हो त्याचं, मनावर घेऊ नका.’ तुझ्या त्या कारखान्यातल्या लोकांनाही सांगायचे, निरोपसमारंभाला सुद्धा.”

मी खुर्चीवर बसलो. मग विचारलं, आणि स्वतःला काय सांगतेस?

तिनं खांद्यावरची रिबोसोची शाल घडी करून खुंटीवर ठेवली. म्हणाली, “तेच.”

मग विचारलं, रात्री काय खाशील. मी म्हटलं, भात.